रानातल्या शेंगेचं देणं

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

खरिपाचा भुईमूग भरात आला की खालच्या पानांवर काळपट ठिपके दिसायला लागतात. तो टिक्का. पान उलटं करून बोट फिरवलं आणि बोटाला विटकरी पूड लागली, तर तो तांबेरा. दोन्ही एकदम आले की पानं झडतात, शेंगा पोचट राहतात आणि गुरांपुढे टाकायला पालाही उरत नाही.

याचं मूळ भुईमुगाच्या जन्मात आहे. सुमारे १० हजार वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत दोन रानटी जातींचा संकर झाला. आईबापांची गुणसूत्रं २०-२०, लेकराची ४०. त्यामुळे रानातल्या भाऊबंदांशी त्याची सोयरीकच तुटली. उपटा वाण म्हणा, पसरा वाण म्हणा, सगळं त्या एकाच घराण्यातलं. या रोगांना तोंड देण्याची ताकद त्यात फार थोडी.

ती सापडली बोलिव्हियातल्या ‘अरॅकिस कार्डेनासी’ या रानटी जातीत. शेंग इवलीशी, बाजारात कोणी हात लावणार नाही अशी. तिचा आपल्या भुईमुगाशी संकर केला तर रोप ३० गुणसूत्रांचं, वांझ निघतं. शास्त्रज्ञांनी ती दुप्पट करून ६० केली आणि मग पिढ्यामागून पिढ्या भुईमुगाशी संकर करत पुन्हा ४० वर आणली. किती चिकाटी लागली असेल! त्याच वंशातून धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा जीपीबीडी-४ हा वाण आला. टिक्का आणि तांबेरा, दोघांनाही दाद न देणारा. पुढे तेच जनुक डीएनएच्या खुणांवरून ओळखून आपल्या जळगावच्या जेएल-२४मध्ये, म्हणजे फुले प्रगतीमध्येही उतरवले गेले.

संकराचं काम मात्र आजही हातानंच होतं. संध्याकाळी कळी चिमट्यानं उघडून पुंकेसर काढायचे, पहाटे दुसऱ्या वाणाचे परागकण लावायचे, खुणेचा दोरा बांधायचा. मग आरी, म्हणजे शेंग धरणारा फुलाचा देठ, जमिनीत शिरेपर्यंत जीव टांगणीला. एवढं करून हाती येतात एक-दोन दाणे.

हैदराबादजवळ पाटणचेरूला, इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या जनुकपेढीत भुईमुगाचे १५ हजारांच्या आसपास नमुने थंडाव्यात जपले आहेत. इतके सगळे एकदम पेरून पाहणं कठीण, म्हणून त्यांतून निवडक १८४ नमुन्यांचा छोटा संच केला आहे. दुष्काळात तग धरणारं कोण, लवकर येणारं कोण, हे आधी त्यात शोधतात.

तुमच्या घरी आजीच्या वेळचं बी अजून असेल, तर जवळच्या संशोधन केंद्रात मूठभर नेऊन द्या. सोबत एवढं जरूर सांगा, की ते कुठल्या जमिनीत येतं आणि पावसानं ताण दिला तर कसं वागतं.