सँडर सगळ्यात शेवटी

श्रोतेहो, नमस्कार.

जुन्या टेबलाचं पॉलिश काढायचं ठरलं की बहुतेकांचा हात आधी सँडरकडे, म्हणजे लाकूड घासायच्या विजेच्या यंत्राकडे, जातो. माझं म्हणणं उलट आहे. ते यंत्र सगळ्यात शेवटी बाहेर काढावं, आणि कित्येकदा काढूच नये. कोणतं हत्यार घ्यायचं हे लाकडावर बसलेला थर ठरवतो, म्हणून आधी त्याची ओळख पटवायला हवी.

त्यासाठी कापसाचा बोळा पुरतो. टेबलाच्या खालच्या अंगाला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, तो स्पिरिटमध्ये भिजवून मिनिटभर दाबून धरा. थर चिकट होऊन बोळ्याला रंग लागला, तर ते लाखेचं पॉलिश. स्पिरिटला दाद दिली नाही पण थिनरने विरघळलं, तर लॅकर. थिनरनेही नुसतं सुरकुतलं किंवा काहीच झालं नाही, तर ऑइल पेंट, वॉर्निश किंवा पॉलियुरेथेन समजा.

लाखेचं पॉलिश निघालं तर तुमचं नशीब चांगलं. स्पिरिट, चिंध्या आणि बारीक स्टील वूल, एवढ्यात भागतं. त्यावर पॉलिश पेपर मात्र घासत बसू नका. घासण्याच्या उष्णतेने लाख मऊ होते आणि कागद लगेच बुजतो. ओकसारख्या टॅनिन असलेल्या लाकडात स्टील वूलचे कण अडकले आणि पुढे ओल लागली, की काळे डाग पडतात. तिथे नायलॉनची घासणी बरी.

चिवट थरांना रिमूव्हर, म्हणजे थर मऊ करणारा रासायनिक लेप, लागतो. तो जाडसर लावायचा, वर प्लॅस्टिकचा कागद पसरायचा आणि वाट पाहायची. लोक इथेच घाई करतात आणि मग सगळा जोर हातावर येतो. डब्यावर मिथिलीन क्लोराइड लिहिलं असेल तर तो परत ठेवा. बंद खोलीत त्याच्या वाफेने माणसं दगावली आहेत. अमेरिकेने २०१९ मध्ये असे रिमूव्हर घरगुती ग्राहकांना विकायला बंदी घातली.

मऊ झालेला थर ओढायला पुट्टी लावायची साधी पट्टी घ्या, पण आधी तिचे दोन्ही कोपरे कानशीने गोल करा. कोरी पट्टी जरा तिरकी झाली की कोपरा लाकडात घुसतो, आणि तो ओरखडा नव्या पॉलिशखाली आणखी उठून दिसतो. पट्टी नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवा. उरलेल्या पातळ थरासाठी पोलादी पातं, म्हणजे कार्ड स्क्रेपर. माझं सगळ्यात लाडकं हत्यार! ते नीट धारेवर असेल तर भुसा न पाडता पातळ सालपटं काढतं. नुसती धूळ पडू लागली की धार गेली, असं खुशाल समजा. कोरीवकामाला जुना टूथब्रश आणि टोक केलेली बांबूची काडी. खुर्चीच्या गोल पायांच्या खाचांत सुतळी अडकवून ताक घुसळल्यासारखी मागेपुढे ओढा.

रंगाचे थरावर थर असतील तर हॉट एअर गन झपाट्याने काम करते. रंगाला फोड आला की लगेच पट्टी चालवायची आणि गन हलती ठेवायची. काचेजवळ ती नको. व्हीनियरवर, म्हणजे वरून चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्यावरही नको, कारण खालचा सरस सुटतो. रंग खूप जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं. अशा रंगाला गन नको आणि कोरडं घासणंही नको. रिमूव्हर लावून ओलाच काढा.

आता राहिला सँडर. भरीव लाकूड असेल आणि थर जवळजवळ निघाला असेल, तर गोल फिरणारा ऑर्बिटल सँडर चालेल: आधी १२० नंबरचा कागद, मग १८०. बेल्ट सँडर फर्निचरला लावू नका, क्षणात खड्डा पाडतो. आणि त्याआधी फळीची कड नीट निरखा. वरच्या रेषा कडेवरून पुढे गेलेल्या नसतील, मध्येच तुटून वेगळं लाकूड दिसत असेल, तर ते व्हीनियर आहे. त्याची जाडी बऱ्याचदा एक मिलिमीटरही नसते. तिथे सँडरची वायर काढून ठेवा आणि १८० नंबरचा कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळून हलक्या हाताने फिरवा, कडांपाशी तर अगदीच बेताने.