दुपारी सव्वातीनला शाळेच्या दारात कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

कॅनडाचं पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याची परवानगी, मंजूर झालं की घरात पहिला प्रश्न येतो, "उतरायचं कुठे?" उत्तर बहुतेक वेळा तयारच असतं. "टोरंटोजवळ ब्रॅम्प्टनला. तिथे ह्यांचा मावसभाऊ आहे." माझं त्या मावसभावाशी काहीच वाकडं नाही. विमानतळावरून आणायला, पहिले पंधरा दिवस गादी टाकायला, बँकेत आणि सिम कार्डाच्या दुकानात सोबत यायला ओळखीचं माणूस असलं की निम्मा जीव भांड्यात पडतो. पण पंधरा दिवस राहायला जाणं वेगळं आणि पाच वर्षांच्या लेकराला घेऊन संसार मांडणं वेगळं.

आम्ही आधी टोरंटोला लागून असलेल्या मिसिसॉगात होतो, आता मॅनिटोबा प्रांतात विनिपेगला आहोत. लोक फोन करून विचारतात, पगार किती मिळेल, थंडी किती असते, आपली माणसं आहेत का. मी त्यांना उलट विचारते, फेब्रुवारीतल्या मंगळवारी दुपारी सव्वातीनला तुमच्या घरातलं कोण मोकळं असेल?

कारण शाळा तेव्हा सुटते. आजी खाली उभी नसते, शेजारच्या काकू "राहू दे गं माझ्याकडे" म्हणत नाहीत, रिक्षावाले काका नसतात. स्कूल बस असते, पण सगळ्यांना नाही. मॅनिटोबात लहान वर्गांसाठी घर शाळेपासून १.६ किलोमीटरपेक्षा लांब असेल तरच बस देणं बंधनकारक आहे. म्हणजे तुमचं घर दीड किलोमीटरवर असलं, तर उणे वीसमध्ये पहिलीतल्या पोराला घेऊन तुम्ही चालत. आणि मूल बारा वर्षांचं होईपर्यंत त्याच्या देखरेखीची नीट सोय न करता त्याला घरी एकटं सोडलं, तर इथल्या कायद्याने ते प्रकरण बालसंरक्षणाकडे जाऊ शकतं. आपल्याकडे चौथीतली मुलगी किल्ली घेऊन घरी येते आणि भात गरम करून जेवते. ते डोक्यातून काढून टाका.

आता त्या सव्वातीनच्या दारात काय चालतं ते सांगते. आधी स्नोपँट चढवायची. मग बूट, आणि पँटची आतली कड बुटावरून ओढून घ्यायची, नाहीतर बर्फ आत जातो. मग जॅकेट, टोपी, गळ्याचा वॉर्मर. हातमोजे सगळ्यात शेवटी, कारण एकदा ते घातले की पोराला चेनसुद्धा लावता येत नाही. एवढं सगळं झालं की हमखास शू लागते. हे रोज जाताना आणि येताना. शिवाय मधल्या सुट्टीत मुलांना बाहेर काढतात ते वेगळंच. विनिपेगला जानेवारीचं सरासरी तापमान उणे सोळाच्या आसपास असतं आणि थंडीच्या लाटेत पारा उणे तीसला जातो. एरवीच्या थंडीत मुलं मजेत खेळतात. हाल होतात ते बसथांब्यावर उभ्या आईचे.

थंडीला फार घाबरू नका असं मी म्हणते ते याच अर्थाने. घरं उबदार असतात, कपडे मिळतात. पण गाडी नाही, बस अर्ध्या तासाने, फूटपाथवर गोठलेला बर्फ, आणि नवरा गाडी घेऊन कामावर, अशी बाई नोव्हेंबर ते मार्च घरात कोंडली जाते. मग व्हँकुव्हरचा सौम्य हिवाळा असला तरी पावसात तीच गत. म्हणून शहर ठरवाल तेव्हा नकाशा उघडून शाळा, वाण्याचं दुकान, वाचनालय आणि बसथांबा एकमेकांपासून चालत किती लांब आहेत ते बघा. वाचनालय मी उगाच म्हणत नाही. ते फुकट असतं, उबदार असतं, तिथे लहान मुलांच्या गोष्टींचे तास असतात आणि पहिल्या हिवाळ्यातल्या ओळखी तिथेच होतात.

आता पैशांचं. इथे प्रांताप्रांतात फरक फार आहे आणि तो पगाराच्या आकड्यात दिसत नाही. तुमचं मूल चार वर्षांचं आहे असं धरा. ऑन्टारिओत त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत चार पूर्ण होणारं मूल सप्टेंबरमध्ये सरकारी शाळेत ज्युनिअर किंडरगार्टनला जातं, पूर्ण दिवस, फी नाही. नोव्हा स्कोशियातही चार वर्षांच्या मुलांसाठी मोफत प्री-प्रायमरी आहे. ब्रिटिश कोलंबियात मात्र किंडरगार्टन पाचव्या वर्षी, आणि अल्बर्टात तेही बहुतेक ठिकाणी अर्धाच दिवस. म्हणजे आणखी एक वर्ष डेकेअरचा खर्च किंवा एकाने नोकरी सोडून घरी राहायचं. अल्बर्टात प्रांताचा विक्रीकर नाही, फक्त केंद्राचा पाच टक्के, आणि ऑन्टारिओत तेरा टक्के, यावर लोक तासभर बोलतात. डेकेअरचा हिशोब त्याहून मोठा निघतो.

डेकेअर स्वस्त झाली हे खरं आहे. क्वेबेकने १९९७ मध्येच सुरुवात केली होती, आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारने दिवसाला सरासरी दहा डॉलरचं उद्दिष्ट ठेवून प्रांतांना पैसे दिले. मॅनिटोबा आणि सस्कॅचेवान दहा डॉलरला पोचले. ऑन्टारिओत योजनेतल्या केंद्रांना २०२५ पासून दिवसाला बावीस डॉलरची कमाल मर्यादा आहे. पण स्वस्त झाली म्हणून रांग वाढली. काही जण बाळ पोटात असतानाच यादीत नाव घालतात. तेव्हा शहर पक्कं झालं की विमानाचं तिकीट काढण्याआधी तिथल्या चार डेकेअरना ईमेल करा आणि सरळ विचारा, आमच्या वयाच्या मुलासाठी यादी किती लांब आहे? जिथून नीट उत्तर येतं ते गाव मला बरं वाटतं.

लहान गावांविषयी हल्ली खूप विचारतात, कारण तिथून पीआर मिळण्याच्या वाटा निघाल्या आहेत. २०२५ मध्ये ग्रामीण भागासाठी नवा पायलट कार्यक्रम सुरू झाला, त्यात चौदा ठिकाणं आहेत. ऑन्टारिओतली सडबरी, टिमिन्स, थंडर बे, मॅनिटोबातली ब्रँडन आणि स्टाइनबाख, सस्कॅचेवानमधलं मूस जॉ, अशी. त्यासाठी त्या गावातल्या मान्यताप्राप्त मालकाची नोकरी हातात असावी लागते. ही गावं वाईट नाहीत. मूस जॉहून रेजायना सत्तर-ऐंशी किलोमीटर, ब्रँडनहून विनिपेग सव्वादोनशेच्या आसपास. पण थंडर बेहून टोरंटो गाडीने जवळपास चौदाशे किलोमीटर आहे. दोन्ही एकाच प्रांतात, म्हणून लोकांना वाटतं शनिवार-रविवारी जाऊन येऊ.

अशा गावाला माझा आक्षेप एकच. नोकरी एकाची ठरलेली असते, दुसऱ्याचं काय? गावात एक कारखाना, एक इस्पितळ, एक कॉलेज. नवऱ्याला वेल्डिंगचं काम आहे आणि बायको एचआरमध्ये होती, किंवा बायको नर्स आहे आणि नवरा सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, तर दुसऱ्याला दोन वर्षं कॉफीच्या दुकानात काउंटरवर उभं राहण्याची तयारी हवी. आणि नर्सिंग, इंजिनिअरिंग, शिक्षकी यांचा परवाना प्रांत देतो, देश नाही. एका प्रांतात कागदपत्रं तपासून घेतली आणि मग दुसरीकडे गेलात, तर बरंच काही नव्याने करावं लागू शकतं. म्हणून ज्याचं काम परवान्याचं आहे, त्याच्या प्रांतापासून सुरुवात करा. मावसभाऊ नंतर.

डॉक्टरचंही तसंच. सरकारी आरोग्य विमा सगळीकडे आहे, पण ब्रिटिश कोलंबियात तो सुरू व्हायला आल्याचा उरलेला महिना आणि वर दोन महिने जातात. तेवढ्यासाठी खासगी विमा काढून जा. विमा मिळाला तरी कायमचा फॅमिली डॉक्टर मिळेलच असं नाही, आणि लहान गावात डॉक्टर-नर्स नाहीत म्हणून इमर्जन्सी रात्रीपुरती बंद ठेवल्याच्या बातम्या येत असतात. दम्याचं मूल असेल तर हे आधी बघा. त्यात अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबियाच्या आतल्या भागात उन्हाळ्यात वणव्यांचा धूर येतो, तोही धरा. २०१६ मध्ये अल्बर्टातलं फोर्ट मॅकमरे हे अख्खं शहर वणव्यामुळे रिकामं करावं लागलं होतं.

क्वेबेकविषयी थोडक्यात. माँट्रियल सुंदर आहे, टोरंटोपेक्षा भाडं कमी आहे. पण १९७७ च्या भाषा कायद्याप्रमाणे कायम राहायला आलेल्यांची मुलं सरकारी फ्रेंच शाळेत जातात. पाच वर्षांचं पोर वर्षभरात फ्रेंचमध्ये भांडायला लागेल. नववीतल्या मुलीला मात्र ते जड जातं, आणि आईवडिलांना पालकसभेत काही कळत नाही.

मराठी माणसं आहेत का? टोरंटो, कॅलगरी, व्हँकुव्हरकडे मंडळं आहेत, गणपती बसतो, रविवारच्या मराठी शाळा चालतात. ते हवंच. पण ते महिन्यातून एकदा तास-दीड तास गाडी चालवूनही मिळवता येतं. रोज लागते ती खालच्या मजल्यावरची फिलिपिनो किंवा पंजाबी बाई, जी म्हणेल, "आज मी आणते दोघांना." ती बहुतेक नवख्या लोकांच्या वस्तीतल्या भाड्याच्या इमारतीत भेटते. हप्त्यावर घेतलेल्या लांबच्या घरांच्या कॉलनीत नाही. पहिली दोन वर्षं तरी अशा इमारतीत राहा. आजी-आजोबा सुपर व्हिसावर येणार असतील तर आणखीच. हा व्हिसा एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहू देतो, पण गाडीशिवाय जिथून कुठेच जाता येत नाही अशा घरात सासूबाई पाच आठवडेसुद्धा रमायच्या नाहीत.

मला विचाराल तर मध्यम वस्तीची शहरं बघा. हॅलिफॅक्स, लंडन म्हणजे ऑन्टारिओतलं, विनिपेग, सस्कटून, रेजायना. दोघांना काम शोधता येतं आणि इस्पितळ गावातच असतं. गाडीचा मूळ विमा मॅनिटोबा, सस्कॅचेवान, ब्रिटिश कोलंबियात सरकारी महामंडळाकडून घ्यावा लागतो. ऑन्टारिओत तो खासगी, पिनकोडवर ठरतो, आणि ब्रॅम्प्टनचे दर ऐकून मावसभाऊही उसासे टाकतो. निघण्याआधी आरटीओकडून लायसन्स किती वर्षं आहे याचं इंग्रजी पत्र घ्या.

आणि जायचं ते मे-जूनमध्ये. शाळा बऱ्याच ठिकाणी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर, काही ठिकाणी ऑगस्टच्या शेवटीच उघडतात आणि प्रवेश बहुतेक घराच्या पत्त्यावर ठरतो, म्हणजे भाडेकरार आधी, शाळा नंतर. सोबत जन्मदाखला आणि लसीकरणाची नोंद हवी. ऑन्टारिओ आणि न्यू ब्रन्सविकमध्ये ती शाळेसाठी मागतातच. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या फाइलमधल्या तारखा बऱ्याचदा फक्त त्यांनाच वाचता येतात, तेव्हा त्या स्वच्छ इंग्रजीत लिहून, सही-शिक्का घेऊन, हातातल्या बॅगेत ठेवा.

नमस्कार.