खिशातलं बुद्धिबळ किती पाण्यात?

फॅन जरा फास्ट करा ओ, आजच्या विषयात सोलापूरचा उन्हाळा पण येणार आहे, पुढे कळेल कसा ते. विषय काय, तर खिशात मावणाऱ्या मशीनवरचे चेसचे प्रोग्रॅम, आणि त्यातला कुठला भारी हे ठरवायचं कसं. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं ह्यावरून रोज भांडतात, सर माझ्या ॲपनं ह्याच्या ॲपला तीन डावांत तीनदा धुतलं. मी म्हटलं बाळा, नाणं उडवलं तरी तीनदा छाप पडतोच की कधीकधी.

हा बघा पाम, खिशात मावणारा जुना छोटा कॉम्प्युटर. मोबाईल नाही हा, फोन लागत नाही ह्याच्यावरनं, दोन बारीक सेलवर चालतो. आत मोटोरोलाचा ड्रॅगनबॉल प्रोसेसर, 16 मेगाहर्ट्झचा, मेमरी चार एमबी आणि त्यातच तुमची डायरी, पत्ते सगळं. अशा मशीनवर रिचर्ड लँगचा चेस जीनियस मिळायचा, ख्रिस्तोफ तेरोंचा चेस टायगर मिळायचा. जीनियस म्हणजे तोच, ज्यानं 1994 ला लंडनच्या रॅपिड स्पर्धेत तेव्हाच्या जगज्जेत्या कास्पारोव्हला बाहेर काढलं, अर्थात तेव्हा तो पेन्टियमवर होता, पामवर नाही. आणि इथंच गोंधळ सुरू होतो, कारण लोक म्हणतात जीनियस एवढा भारी, तेवढा भारी, अरे पण कशावरचा? नाव एकच असलं तरी डब्यातलं इंजिन, म्हणजे चाली शोधणारा प्रोग्रॅम, आणि डबा, म्हणजे मशीन, दोन्ही मिळून ताकद ठरते. मेमरी कमी असली की प्रोग्रॅमला आधी तपासलेल्या पोझिशन साठवायला जागा पुरत नाही, मग घोडा आधी आणि उंट नंतर काढला तरी पोझिशन तीच येते, पण हा परत पहिल्यापासून हिशोब करत बसतो.

मग काय, जास्त स्पीड म्हणजे जास्त ताकद? काही अंशी हो. पण तुम्ही चादरीच्या गावातली माणसं, तुम्हाला जकार्ड सांगायला नको. माग कितीही पळव, नक्षीसाठी पंच केलेलं कार्डच चुकीचं असेल तर चुकीचं फूलच जास्त वेगानं निघणार. 1997 ला कास्पारोव्हला हरवणारा आयबीएमचा कॉम्प्युटर डीप ब्लू सेकंदाला 20 कोटी पोझिशन बघायचा. आणि 2009 ला ब्युनोस आयर्सच्या मर्कोसूर स्पर्धेत पॉकेट फ्रिट्झ 4 उतरला एचटीसीच्या मोबाईलवर, आत हिआर्क्स 13 इंजिन, सेकंदाला 20 हजार पोझिशन पण नाहीत. दहा हजारपट फरक झाला की ओ! आणि तरी तो माणसांच्या स्पर्धेत 10 पैकी साडेनऊ घेऊन पहिला आला. कार्ड चांगलं होतं, म्हणजे प्रोग्रॅम.

त्या स्पर्धेतला त्याचा परफॉर्मन्स, म्हणजे तेवढ्याच डावांवरून काढलेलं रेटिंग, ताकदीचा आकडा, 2898 निघाला, आणि लोकांनी लगेच धरलं की मोबाईल 2900 चा झाला. इथं मला राहवत नाही. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, तक्त्यात 95 टक्के गुणांना प्रतिस्पर्ध्यांच्या सरासरीपेक्षा 470 जास्त धरतात आणि 90 टक्क्यांना 366. म्हणजे एकच डाव आणखी बरोबरीत सुटला असता, साडेनऊचे नऊ झाले असते, तर तोच मोबाईल शंभर रेटिंगनं खाली. एका बरोबरीनं शंभर हलतात तर तो आकडा कितपत घट्ट धरायचा तुम्हीच सांगा. भारी होता यात वाद नाही, पण किती भारी ते 10 डावांतून निघत नाही.

आता दोन प्रोग्रॅम जवळजवळ सारखे असले तर आणखी अवघड. समजा 10 डावांत 6–4 झालं. हिशोबानं जिंकलेला 70 रेटिंगनं भारी. पण योगायोगाची जागा सोडली की खरा आकडा उणे शंभरापासून अधिक तीनशेपर्यंत कुठंही असू शकतो, म्हणजे हरलेला जास्त चांगला असणंही शक्य आहे. तेच 60 टक्के 100 डावांत आले तर हा सरस एवढं म्हणता येतं, तेही जेमतेम. डाव चौपट केले की चूक निम्मी होते, त्याहून लवकर नाही, म्हणून दहा-वीस रेटिंगचा फरक पकडायला हजारोंनी डाव लागतात. मागे कोण हसलं? हो हो, म्हणूनच बायको म्हणते ह्या माणसाला काम नाही.

बाकी अटी पटकन सांगतो. वेळ दोघांना सारखा, ओपनिंग सारखं, तेच ओपनिंग एकदा पांढऱ्यानं एकदा काळ्यानं. आणि एकाच मोबाईलवर दोन्ही ॲप लावली तर समोरच्याच्या वेळेत विचार करायची सोय बंद करा, नाहीतर एकाचा नंबर असताना दुसरा मागून प्रोसेसर खात बसतो.

एवढं सगळं पाळून मी मागच्या एप्रिलमध्ये मॅच लावली, दोन सारखेच मोबाईल, एक टेबलावर, एक खिडकीपाशी चार्जिंगला कारण तिथंच प्लग आहे. सकाळी अटीतटीचं चाललेलं, आणि दुपारी खिडकीवाला सलग हरायला लागला. मी वहीत लिहून पण टाकलं, हा प्रोग्रॅम एंडगेममध्ये, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्यात, कच्चा. संध्याकाळी मोबाईल उचलला तर तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा हात भाजला! बाहेर 42 डिग्री, वर चार्जिंग, मोबाईल तापला की स्वतःच प्रोसेसर हळू करतो, म्हणजे तेवढ्याच वेळात कमी पोझिशन. मी प्रोग्रॅम मोजत नव्हतो, खिडकी मोजत होतो. पानच फाडलं.

आता मॅच रात्री गच्चीवर लावतो, चार्जर काढून, आणि दर दहा डावांनी मोबाईल बदलून घेतो. चाळीस डाव झालेत. स्कोअर विचारू नका, सांगणार नाही, चारशे होऊ देत.