रूळ उखडले, वाट उरली

नमस्कार श्रोतेहो.

डोंगराळ देशात सायकलवर सुट्टी घालवायची म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पंचविशीतला, पिळदार पोटऱ्यांचा तरुण उभा राहतो. आज मला बोलायचंय ते बाकीच्यांशी. पन्नाशी उलटलेल्यांशी, गुडघे धरून जिना चढणाऱ्यांशी, कॉलेज सुटल्यापासून सायकलला हात न लावलेल्यांशी. मी आणि आमचे हे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर पाच दिवसांत 152 किलोमीटर सायकल चालवून आलो. ह्यांना एकसष्टावं लागलंय आणि उजव्या गुडघ्याचं दुखणं जुनं आहे. तरी जमलं, कारण ती वाट मुळात आगगाडीची होती.

आम्ही नाशिककर. कसारा घाटात गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, हे लहानपणापासून बघत आलोय. आगगाडीला चढ सोसत नाही, म्हणून रूळ टाकणारे डोंगराला वळसे घालतात, खिंडी फोडतात, दऱ्यांवर पूल बांधतात. आमच्या त्या वाटेवर चढ जास्तीत जास्त पन्नासास एक, म्हणजे पन्नास मीटर पुढे जावं तेव्हा एक मीटर वर. इंजिनाच्या सोयीसाठी केलेली ही सगळी मेहनत शंभर वर्षांनी सायकलवाल्याच्या गुडघ्यांच्या कामी आली.

या वाटेचं नाव ओटागो सेंट्रल रेल ट्रेल. डनेडिन बंदरापासून आत जाणारा हा लोहमार्ग 1891 मध्ये मिडलमार्चला आणि 1907 मध्ये क्लाइडला पोहोचला. मेंढ्या, लोकर, फळं त्यावरून जायची. पुढे रस्त्यांनी मालवाहतूक ओढून घेतली. क्लाइडचं धरण बांधायला सामान न्यायचं होतं म्हणून गाडी आणखी काही वर्षं तगली, आणि 1990 मध्ये बंद झाली. रूळ उखडले, स्लीपर गेले. गाडी गेली तशी वाटेवरच्या गावांचीही रया जाऊ लागली. मग तिथल्या निसर्गसंवर्धन खात्यानं ती पट्टी ताब्यात घेतली, स्थानिक लोकांनी न्यास काढून पैसा उभा केला, पुलांवर फळ्या ठोकल्या, बारीक खडी दाबून बसवली, आणि 2000 साली वाट खुली झाली. आज त्याच गावांत जुन्या घरांतून पाहुण्यांच्या खोल्या आहेत, आणि दुपारच्या सूपला जागा मिळवायला थांबावं लागतं.

आम्ही नोव्हेंबरच्या अखेरीस गेलो. तिकडे तेव्हा वसंत सरत असतो. क्लाइडहून निघालं की आठ किलोमीटरवर अलेक्झांड्रा. तिथल्या उघड्याबोडक्या खडकाळ टेकड्या जांभळ्या फुलांनी भरलेल्या होत्या. पाणी प्यायला थांबले, पाय झुडपावर पडला आणि एकदम वास आला. मी ह्यांना म्हटलं, "अहो, ओवा!" ती झुडपं थाइमची. सोन्याच्या शोधात आलेल्यांच्या काळात हे रोप तिकडे पोहोचलं आणि रानोमाळ पसरलं. ओव्यात जो थायमॉल असतो तोच यातही असतो, म्हणून नाकाला ओळख पटली. घरापासून इतक्या लांब, बाळंतिणीच्या खोलीतला तो वास! मी दोन पानं चुरगळून रुमालात बांधून घेतली.

सगळ्यात मनात राहिली ती पूलबर्नची घळ. दोन बोगदे, आणि सुमारे 37 मीटर उंचीचा पूल. पुलाचे खांब तिथल्याच पापुद्र्यापापुद्र्यांच्या शिस्ट दगडात बांधलेले. बोगद्यांत दिवे नाहीत. आम्ही सायकलवरून उतरलो, बॅटऱ्या लावल्या आणि हातात सायकल धरून चालत निघालो. बोगदा थोडा वळलेला असल्यानं मध्यावर पुढचं तोंड नीट दिसेना. भिंतीवर हात ठेवला तर दगड गार, ओलसर. हे काम माणसांनी पहार, छिन्नी आणि सुरुंगावर केलंय. बोलायला सुचेना.

वाटेतला सर्वांत उंच माथा वेडरबर्नजवळचा, 618 मीटर. तिथे पोहोचायला दोन दिवस लागले, त्यामुळे चढ चढतोय असं क्वचितच वाटलं. दमवलं ते समोरच्या वाऱ्यानं. त्या माळावर झाड म्हणून नाही, आणि एकदा वारा तोंडावर आला की उतारावरसुद्धा पायडल मारावं लागतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, तीन दिवसांत उरकू नका. पाच दिवस हाताशी ठेवा. पिशव्या एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर पोचवणारे लोक आहेत. बॅटरीवरची सायकलही भाड्यानं मिळते आणि ती घेण्यात काहीच कमीपणा नाही. हेल्मेट मात्र हवंच, तिकडे 1994 पासून तो कायदा आहे.

खऱ्या माउंटन बाइकवाल्यांना ही वाट सपक वाटते. त्यांच्यासाठी रोटोरुआचं फाकारेवारेवा जंगल आहे, उंच रेडवुडांमधून वळणं घेत जाणारं. 2015 मध्ये पूर्ण झालेला ओल्ड घोस्ट रोड आहे, सोनं खणणाऱ्यांच्या जुन्या पायवाटेवरचा, 85 किलोमीटरचा अवघड डोंगरमार्ग. ओटागोचं यश समोर होतं म्हणूनच 2009 मध्ये तिथल्या सरकारनं देशभर सायकलवाटांचं जाळं विणायला घेतलं. प्रत्येक वाटेला अवघडपणाची श्रेणी दिलेली असते. ती वाचूनच वाट निवडा.

शेवटच्या दिवशी हाइड गावापलीकडे आम्ही पुन्हा उतरलो. 1943 च्या जूनमध्ये इथल्या वळणावर भरधाव गाडी रुळांवरून घसरली आणि 21 माणसं गेली. त्यांचं स्मारक आहे. रुमालातली सुकलेली पानं मी तिथे ठेवली.

मग मिडलमार्च. खडीची वाट संपली, आणि स्टेशनापाशी पहिल्यांदाच रूळ दिसले, खरेखुरे, डनेडिनकडे गेलेले. ह्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि गुडघा चोळत बराच वेळ त्या रुळांकडे बघत उभे राहिले.