पान हिरवंच कशाला पाहिजे?

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय ते घरात दोन-अडीच वर्षांचं पिल्लू असणाऱ्यांशी, आजी-आजोबांनी तर जरूर ऐका कारण दुपारी बहुतेक तेच सापडतात पोरांच्या तावडीत.

नेटवर वसंतातल्या झाडाचं क्राफ्ट शोधलं की काय येतं, ब्राऊन खोड आणि त्यावर गुलाबी कापसाचे गोळे, म्हणजे जपानातली चेरी. अहो, पण फाल्गुन-चैत्रात आपल्याकडे बाहेर बघा ना! काटेसावरीवर पान नाही औषधाला आणि फुलं लालभडक, कुसुंबाची पालवी लाल, पिंपळाची कोवळी पानं तांबूस, कारण त्यांच्यातलं तांबडं द्रव्य उन्हापासून त्यांना जपतं, हिरवेपणा नंतर भरतो. मग पोराने झाड लाल फासलं की आपण हातातला खडू काढून हिरवा का देतो? बरोबर तर पोरच असतं!

काटेसावरीखाली पडलेलं एक फूल उचलून द्या. जाडजूड पाच पाकळ्या, हाताला मेणचट. पाकळी रंगात बुडवून कागदावर छापू दे, फरशी घाण होणार हे धरूनच चाला. पळसाची फुलं मिळाली तर पाण्यात उकळा, पाणी पूर्ण गार झालं की कापसाच्या बोळ्याने रंगवायला द्या, मस्त केशरी-पिवळा उतरतो. पळसाला पानं तीनच हे मोजून दाखवायचंय? मग थोडं थांबा, फुलताना झाड बहुतेक बोडकंच असतं, पानं मागून येतात. पिंपळाचं मात्र जुनं, गळलेलं पान घ्या, कागदाखाली ठेवून वरून खडू आडवा घासला की शिरा उमटतात, कोवळं पान चुरगळतं.

पुस्तक म्हणाल तर पक्ष्यांचं चित्रांचं कुठलंही चालेल, पण ते झाडाखाली न्या. फुलातला रस प्यायला मैना, बुलबुल, कावळे येतातच, चित्रातली मैना आणि फांदीवरची मैना एकदम दिसली की पोरं जी किंचाळतात! आणि छापलेले कागद फेकू नका, जुन्या लग्नपत्रिकेचं कव्हर लावून दोऱ्याने शिवा, झालं त्याचं स्वतःचं पुस्तक.

एक सांभाळा, रुई आणि कण्हेरीला हात लावू देऊ नका, रुईचा चीक डोळ्यात गेला तर वाईट आणि कण्हेर तर विषारीच. बिया तोंडात जातात, तेव्हा लक्ष मोबाईलमध्ये नको. चला, पुढचं गाणं लागतंय, तोवर खडू शोधून ठेवा.