पर्जन्यवृक्षासमोरची खोली

(दृश्य: तिसऱ्या मजल्यावरची खिडकी, लोखंडी ग्रिल, पलीकडे हलणारी फांदी.)

ऐरोलीतल्या एका चार मजली इमारतीची ही खिडकी आहे. या माहितीपटातले जवळजवळ सगळे चित्रण याच खिडकीतून झाले आहे. जानेवारी ते जुलै या काळात मोबाइल कपड्यांच्या चिमट्यांनी ग्रिलला अडकवून ते आम्ही करत गेलो. खोलीत राहणारी व्यक्ती माझी मावशी आहे आणि तिला फुप्फुसांचा क्षयरोग झाला होता. चेहरा दाखवायचा नाही, एवढी एकच अट तिने घातली. या आजाराचे नाव आपल्याकडे अजूनही दार लोटून घेऊन उच्चारले जाते, त्यामुळे ती अट मला रास्त वाटली. म्हणून तुम्हाला तिचे हात दिसतील, औषधांची पाकिटे दिसतील, आणि सहा महिने ती जे पाहत होती ते दिसेल.

(दृश्य: तळहातावरच्या गोळ्या, पाण्याचा तांब्या.)

क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे, रोज, एकही दिवस न चुकवता घ्यावी लागतात. त्यांतल्या एका औषधाने लघवी नारिंगी होते. हे आधी सांगितलेले नसेल तर माणूस घाबरतो. मावशीला पहिल्या काही आठवड्यांत मळमळ फार होत होती, जिना उतरण्याइतकी ताकद नव्हती, आणि घरात लहान मूल असल्यामुळे तिची खोली वेगळी करण्यात आली होती. डॉक्टरांनी मास्कबरोबर आणखी एक गोष्ट बजावून सांगितली होती: खिडकी दिवसभर उघडी ठेवा. कोंडलेल्या हवेत या रोगाचे जंतू तरंगत राहतात, आणि वाहत्या हवेत ते विरळ होतात, इतके साधे त्यामागचे कारण होते. खिडकी जंतूंसाठी उघडली गेली आणि तिच्यासमोर झाड होते.

या उघड्या खिडकीला एक इतिहास आहे आणि तो थोडा विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधला, परंतु त्याच्यावर चालणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडले. मधल्या साठ वर्षांत रोग्याला देण्यासारखे वैद्यांकडे फारसे काही नव्हते. विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा हाच उपचार होता आणि त्यासाठी आरोग्यधामे बांधली गेली. आपल्याकडे पाचगणीला आणि मिरजेजवळ वानलेसवाडीला अशी आरोग्यधामे होती. रुंद व्हरांड्यात ओळीने खाटा लावलेल्या असत, रोगी महिनोन्‌महिने त्यांवर पडून राहत आणि समोर डोंगर किंवा झाडी असे. पुढे औषधे आली आणि १९५६ मध्ये मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. काही रोग्यांना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या स्वतःच्या, बहुधा दाटीवाटीच्या, घरात ठेवून तीच औषधे देण्यात आली. १९५९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहिलेले रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले होते आणि त्यांच्या घरच्यांना झालेली लागणही आरोग्यधामातल्या रोग्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त नव्हती. जगभर क्षयाचा उपचार घरी करता येतो, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले. हा फार मोठा उपकार आहे, कारण गरीब रोग्याला घरदार सोडून डोंगरावर जाणे कधीच परवडणारे नव्हते. मात्र रोगी घरी आला तेव्हा त्याच्या वाट्याचा व्हरांडा आणि समोरची झाडी मागेच राहिली. गोळ्यांच्या पाकिटासोबत ती कोणी पाठवली नाहीत. ज्याच्या खिडकीसमोर नशिबाने झाड उरले असेल, त्यालाच ती मिळतात.

(दृश्य: वेगवान चित्रण. पर्जन्यवृक्षाची पाने मिटत जातात.)

हे चित्रण २८ जानेवारीचे, सायंकाळी साडेपाच ते सात या वेळातले आहे. दीड तास आम्ही चाळीस सेकंदांत आणला आहे. नवी मुंबईच्या रस्त्यांच्या कडेला सर्रास दिसणारा हा पर्जन्यवृक्ष मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. त्याच्या प्रत्येक पानाच्या आणि पर्णिकेच्या, म्हणजे पानातल्या छोट्या पानाच्या, देठाशी एक बारीक फुगीर गाठ असते. उजेड ओसरू लागला की त्या गाठीच्या एका बाजूच्या पेशींतले पाणी कमी होते, दुसऱ्या बाजूच्या फुगतात, आणि पर्णिका समोरासमोर येऊन मिटतात. सकाळी हेच उलट क्रमाने घडते. यामागे केवळ उजेड नाही, झाडाचे स्वतःचे आतले घड्याळही आहे. १७२९ मध्ये दे मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक झाड अंधारात ठेवून पाहिले, तेव्हा त्याची पाने अंधारातही ठरल्या वेळी उघडत आणि मिटत राहिली. आभाळ दाटून आले तर पर्जन्यवृक्ष भरदुपारीसुद्धा पाने मिटून घेतो.

मावशीला यांतले काहीच ठाऊक नव्हते. तिने फक्त पाहिले. दिवसभर झोप आणि रात्री जाग, असे आजारात होते तसे तिचे झाले होते. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले की किती वेळ उरला आहे तेवढेच कळायचे. तिसऱ्या आठवड्यात तिने संध्याकाळचा चहा पाने मिटण्याच्या वेळेला बांधून घेतला. नंतर सकाळची गोळी पाने उघडल्यावर घ्यायची, असे ठरले. आम्हाला ती म्हणाली, “झाड उठलं, आता मीही उठते.”

झाडाने क्षय बरा होत नाही. तो औषधांनी बरा होतो, आणि हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही. तरीही खिडकीतून दिसणाऱ्या झाडाचा आजाऱ्यावर काही परिणाम होतो का, हा प्रश्न एका संशोधकाने रीतसर तपासलेला आहे. रॉजर उलरिक यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातल्या नोंदी काढल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रोगी त्यांनी निवडले आणि वय, लिंग, धूम्रपानाची सवय अशा गोष्टी जुळवून त्यांच्या २३ जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे रोगी सरासरीने थोडे लवकर घरी गेले, त्यांनी वेदनाशामक तीव्र औषधे कमी घेतली आणि परिचारिकांच्या टिपणांत त्यांच्याविषयी तक्रारीचे शेरेही कमी होते. हे संशोधन १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातला एक बारकावा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. उलरिक यांनी फक्त १ मे ते २० ऑक्टोबर या काळातल्याच नोंदी घेतल्या, कारण बाकीच्या महिन्यांत त्या झाडांवर पाने नसत.

(दृश्य: निष्पर्ण फांद्या, काळ्या शेंगा, त्यांमागे मोकळे आकाश.)

आमच्या पर्जन्यवृक्षाची पाने फेब्रुवारीच्या अखेरीस झडली. मावशीचे वजन तेव्हा कुठे वाढायला लागले होते. पाने गेली आणि पश्चिमेकडचे आकाश एकाएकी मोकळे झाले. ठाण्याची खाडी आमच्या घरातून दिसत नाही, मध्ये इमारती आणि त्यांच्यापलीकडे कांदळवन आहे. खाडीवरचे आकाश मात्र दिसते. २०१५ मध्ये ही खाडी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाली आणि २०२२ मध्ये तिला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. ओहोटीला रोहित चिखलात चरतात, भरतीला चिखल बुडाला की नेरूळ आणि सीवूड्सच्या पाणथळींकडे उडून जातात. मार्चमधल्या एका संध्याकाळी त्यांची ही रांग आमच्या चौकटीत आली. चित्रण अकरा सेकंदांचे आहे. ते आहे तसे दाखवत आहोत.

(दृश्य: रोहित पक्ष्यांची रांग. निवेदन नाही.)

(दृश्य: ग्रिलबाहेर लोंबणारी जुनी केबल, तिच्या टोकाला शिंजीर मादी.)

आता जे दिसेल त्याला आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला आहे. बंद पडलेल्या केबलचे एक टोक ग्रिलबाहेर लोंबत होते. मार्चच्या मध्याला त्यावर जांभळ्या शिंजिराची, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या इवल्या पक्ष्याची, मादी येऊन बसली. नर उन्हात निळाजांभळा चमकतो. मादी वरून मातकट आणि पोटाकडे फिकट पिवळी असते. घरटे ती एकटीच बांधते. पहिला दिवस तिने केवळ कोळ्याची जाळी आणून केबलभोवती गुंडाळण्यात घालवला. ती जाळी येत होती आमच्याच ग्रिलच्या कोपऱ्यांतून. आजाऱ्याच्या खोलीत जळमटे नकोत म्हणून घरकामाच्या ताई केरसुणी घेऊन आल्या, तेव्हा मावशी अंथरुणातूनच म्हणाली, “राहू द्या हो ताई, तिचं सामान आहे ते.” आजार झाल्यापासून तिने घरातली एखादी गोष्ट स्वतः ठरवल्याचे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

जाळ्याच्या दोऱ्याला चिकटवत मादीने सालीचे कपचे, वाळक्या पानांचे तुकडे, गवताच्या काड्या लोंबत्या सोडल्या. चौथ्या दिवशी त्या जुडग्यात शिरून तिने पंख आणि छाती आतून दाबत पोकळी केली. चित्रणात घरटे फुगताना आणि आकसताना दिसते ते त्यामुळे. मग बाजूने दार, दारावर छोटीशी पडवी, आणि आत कुठून तरी आणलेल्या पांढऱ्या कापसाचे अस्तर. एकूण नऊ दिवस लागले. मावशी खुर्ची ओढून खिडकीपासून चार हातांवर बसायची. फेऱ्या मोजण्यासाठी तिने औषधांच्या वहीचेच मागचे पान घेतले. पुढच्या पानांवर गोळ्यांच्या खुणा आणि मागच्या पानांवर शिंजिराच्या. ती वही तुम्हाला दिसत आहे. सहाव्या दिवशी दुपारपर्यंत ७१ फेऱ्या झाल्याची त्यात नोंद आहे.

अंडी मादीने एकटीनेच उबवली, साधारण पंधरा-सोळा दिवस. पिल्ले बाहेर आल्यावर मात्र नरही भरवायला येऊ लागला. फुलांतला मध ही शिंजिरांची ओळख असली तरी पिल्लांच्या चोचीत जाताना दिसतात ते कोळी आणि अळ्या. याच दिवसांत पर्जन्यवृक्षाला कोवळी पालवी येऊन गुलाबी तुऱ्यांची फुले लागली होती, आणि नर त्या फुलांतून थेट घरट्याकडे येत होता. दोन पिल्ले होती. दुसरे उडाले तो क्षण आमच्या चित्रणात नाही, कारण मोबाइलची बॅटरी संपली होती. मावशीने तो पाहिला.

(दृश्य: फांदीच्या जागी गोल, पांढरट कापलेले खोड.)

मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची छाटणी झाली आणि खिडकीसमोरची मुख्य फांदी गेली. कापतानाचे चित्रण आमच्याकडे नाही. नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा अधिनियम आहे, वृक्ष प्राधिकरण आहे. धोकादायक फांदी काढावी लागते हेही मान्य आहे. अर्जावर झाडाचे ठिकाण आणि कारण लिहिले जाते. त्या फांदीकडे कोणाची खिडकी उघडते आणि त्या खिडकीत कोण पडून आहे, हे विचारणारा रकाना त्यात असावा, असे मला मनापासून वाटते. मावशी त्या आठवड्यात वहीत काही लिहीत नव्हती.

(दृश्य: कापलेल्या जागेभोवती कोवळे फुटवे, मागे काळे आभाळ.)

जूनमध्ये त्याच जागी फुटवे आले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात उपचार पूर्ण झाला आणि थुंकीच्या तपासणीत जंतू आढळले नाहीत. शेवटचे चित्रण त्यानंतरच्या एका दुपारचे आहे. घड्याळात सव्वातीन झाले होते, मी आत स्वयंपाकघरात होते आणि मोबाइल सुरूच होता, त्यामुळे मावशीचा आवाज त्यात आला आहे.

“अगं, पानं मिटायला लागली. दोरीवरचे कपडे काढ.”