रंगाखालचं काम

[शटर वर जातं. लांब बॉनेट. धुळीवर बोटानं ओढलेली एक रेघ.]

बॉनेट एवढं लांब आहे, कारण त्याच्याखाली सहा सिलिंडर एका रांगेत बसलेत. गाडी आहे डॅटसन २४०झेड. लांबून बघाल तर म्हणाल, एक चांगला रंग मारला की झालं. आता मागच्या चाकाच्या कमानीपाशी या. रंगाला फोड आलाय. बोटानं दाबला की टिचकतो आणि आतून तपकिरी भुगा गळतो.

पुढची काही मिनिटं आपण मुख्यतः या भुग्याबद्दल बोलणार आहोत.

[इंजिनखणातली चॅसी नंबरची पट्टी.]

पट्टीवरच्या नंबराची सुरुवात एच, एल, एस ३० अशी आहे. एच म्हणजे २.४ लिटरचं एल२४ इंजिन, एल म्हणजे डावीकडे स्टिअरिंग, आणि एस३० हे या घराण्याचं नाव. म्हणजे ही गाडी जपानमध्ये बनली ती परदेशी जाण्यासाठीच. जपानमध्ये हे मॉडेल १९६९ साली ‘फेअरलेडी झेड’ या नावानं बाजारात आलं. डॅटसन बनवणाऱ्या निस्सान कंपनीचा अमेरिकेतला कारभार तेव्हा युताका काटायामा यांच्याकडे होता. ‘फेअरलेडी’ हे नाव तिकडे स्पोर्ट्स कारला शोभणार नाही, असं त्यांचं ठाम मत. तिकडे ती नुसती २४०झेड झाली. किंमत ३,५२६ डॉलर, आणि ताकद त्या काळच्या मोजणीनं १५१ अश्वशक्ती. युरोपातल्या गाड्या या पैशात एवढं देत नव्हत्या. १९७१ आणि १९७३, दोन्ही वर्षी ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली याच मॉडेलनं जिंकली. दुसऱ्या खेपेला स्टिअरिंगवर शेखर मेहता होते.

त्या रॅलीच्या चिखलातून तरलेला पत्रा पुढे घराबाहेर उभ्या उभ्या कुजला. जपानी गाड्यांच्या इंजिनांचं कौतुक सगळे करतात. त्या काळच्या त्यांच्या पत्र्याबद्दल मात्र कुणी फार बोलत नाही.

[टेबलावर झिपच्या पिशव्या, प्रत्येकीवर चिठ्ठी.]

गाडीचे मालक पेशानं हिशेबनीस. ते इथं दिसतंच. प्रत्येक पिशवीत चार-सहा बोल्ट आणि चिठ्ठीवर लिहिलेलं : डावं दार, वरची बिजागरी, आतली बाजू. खोलताना वाटतं, हे काय, लक्षात राहील. दोन वर्षांनी जोडायला बसलं की काही आठवत नाही.

[स्क्रूचं डोकं, जवळून. कडेला बारीक ठिपका.]

हा ठिपका नीट बघून ठेवा. हा जपानी मानकाचा स्क्रू आहे. दिसायला नेहमीच्या फुलीच्या स्क्रूसारखाच, पण खाचेचा आकार थोडा वेगळा. नेहमीचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही. जोर लावला की वर सरकतो आणि खाच गोल करून टाकतो. मग लोक म्हणतात, जपानी स्क्रू मऊ असतात. मऊ नसतात हो, हत्यार चुकीचं असतं. बरोबर मापाचा ड्रायव्हर, वर हातोडीची एक टिचकी, आणि पन्नास वर्षांचा स्क्रू... हा बघा, सुटला.

[बॅटरीचा ट्रे. चुंबक पत्र्यावरून घसरून पडतं.]

चुंबक चिकटत नाही, म्हणजे खाली लोखंड नाही. खाली आहे पुट्टी. आधीच्या कुणीतरी भोकात जाळी कोंबली, वर बोटभर पुट्टी थापली, घासून गुळगुळीत केली आणि रंग मारला. फोटोत सुंदर दिसलं असणार. पुट्टी वाईट नाही. कागदाएवढा खळगा भरायला तिच्याइतकं चांगलं काही नाही. पण पत्र्याची जागा ती घेऊ शकत नाही, आणि तिच्यामागे अडलेलं पाणी गंजाला निवांत जागा करून देतं.

बॅटरीखालची ही जागा या मॉडेलची ठरलेली दुखरी जागा. ॲसिड ओघळतं, ट्रे खातं, मग त्याच्या खालचा पत्रा. वायपरखालच्या खणात पानं साचून पाण्याची वाट बुजली की तेच पाणी आत उतरतं आणि पायाखालच्या फ्लोअरपर्यंत पोचतं. म्हणून फ्लोअर बदलण्याआधी वरची पानं काढायची. उलटं केलं तर पाच वर्षांनी तेच काम पुन्हा.

[ग्राइंडर. ठिणग्या. मास्क लावलेला चेहरा.]

गंज कुठं संपतो ते डोळ्यांना दिसत नाही. कापत जायचं, चकचकीत पत्रा लागेपर्यंत. रुपयाएवढं दिसणारं भोक ताटाएवढं होतं, आणि नवखा माणूस तिथंच घाबरून थांबतो. आपले हिशेबनीस थांबले नाहीत.

[पुठ्ठा, पेन्सिल, कात्री.]

आधी पुठ्ठ्याचा साचा. शिंप्यानं बाहीचं माप घ्यावं तसा. मग त्याच आकाराचा पत्रा, मिलिमीटरभराच्या आतबाहेर जाडीचा. वाकवायचा, लावून बघायचा, काढायचा, चार ठोके, पुन्हा लावायचा. या एका तुकड्याला दीड दिवस गेला. तुम्हाला दिसतायत ते वीस सेकंद.

आता वेल्डिंग. हात कसा फिरतो ते बघा. इथं एक टॅक, म्हणजे ठिपक्याएवढा वेल्ड, मग वीतभर लांब दुसरा, मग पलीकडच्या टोकाला तिसरा. एका दमात सरळ शिवण मारली तर पातळ पत्रा तापून पापडासारखा वळतो. म्हणून टॅक, थांबा, गार होऊ द्या, मग पुढचा. शेवटी सगळे टॅक एकमेकांना भेटतात. त्यावर ग्राइंडर, जस्ताचं प्रायमर, सांध्यात सीलर, आणि पोकळ भागांत मेणाचा फवारा.

हे एवढं सगळं आता काळ्या लेपाखाली जाईल. गाडी प्रदर्शनात उभी राहिली तरी कुणाला दिसणार नाही. आम्हाला मात्र चित्रीकरणासाठी हेच हवं होतं. रंगकामाचं चित्रण आमच्याकडे नाही आणि, खरं सांगायचं तर, त्याची चुटपुटही नाही.

[सिलिंडर हेड. साखळीत खोचलेली लाकडाची पाचर.]

या लाकडाच्या तुकड्याला काही मोल नाही, पण त्याच्यामुळे दोन दिवसांची कटकट वाचते. एल इंजिनचं हेड काढायचं तर आधी कॅमचं, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याचं, साखळीवर फिरणारं चक्र काढावं लागतं. चक्र काढलं की साखळी ढिली होते, आणि साखळीला ताण देणारा टेन्शनर आतल्या आत बाहेर उडी मारतो. तो परत बसवायला इंजिनचं पुढचं झाकणच उघडावं लागतं. म्हणून आधी पाचर ठोकायची, मगच चक्राला हात लावायचा. चक्रावर तीन भोकंही आहेत, १, २, ३ आकडे घातलेली. वापरानं साखळी लांबली की पुढचं भोक वापरायचं आणि कॅमचं टायमिंग जागेवर आणायचं. साखळी ताणली जाणार, हे आराखडा काढणाऱ्यानं आधीच धरलं होतं. टिकाऊ गाडी म्हणतात ती ही.

[जपानमधला जुना गाड्यांचा मेळावा, संग्रहातली दृश्यं.]

जपानमध्ये अशा जुन्या गाड्यांना ‘क्यूशा’ म्हणतात. तिथं त्या सांभाळणं सोपं नाही. शाकेन ही सक्तीची तपासणी नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी लागते. पेट्रोलची गाडी १३ वर्षांची झाली की वार्षिक करही वाढतो. सुट्या भागांचं म्हणाल तर २०१७मध्ये निस्साननं आर३२ जीटी-आर या आपल्या स्पोर्ट्स गाडीचे, उत्पादन थांबलेले भाग पुन्हा बनवायला घेतले, पाठोपाठ टोयोटानं २०००जीटी आणि जुन्या सुप्राचे. निवडक, नावाजलेल्या मॉडेलांचे. साध्या सेडानची वायपरची मोटर कोण बनवणार? ती असंच कुणीतरी टेबलावर खोलून दुरुस्त करतं.

या गाडीला सात वर्षं लागली. बचत गेली, कंबर धरली, घरची रोजची गाडी सात पावसाळे बाहेर भिजली. असो. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरकडे येऊ.

[दोन कार्बोरेटर. बोट पिस्टन उचलतं.]

एसयू या ब्रिटिश कार्बोरेटरच्या धाटणीचे हे दोन हिताची कार्बोरेटर. पुढचा पहिल्या तीन सिलिंडरांचा, मागचा उरलेल्या तिघांचा. आतला पिस्टन बोटानं उचलून सोडायचा. ‘टक्’ आवाज आला तर तो मोकळा आहे, नाही आला तर सुई कुठंतरी घासतेय.

[टक्.]

आता दोघांनी हवा सारखी ओढली पाहिजे. त्यासाठी मोजयंत्र मिळतं. यांच्या हातात आहे रबरी नळीचा हातभर तुकडा. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाला. पुढचा ऐकायचा, मग मागचा. एक सुसाट, एक मंद. स्क्रू पाव फेरा. पुन्हा पुढचा, पुन्हा मागचा. लेकीनं टॉर्च धरलाय आणि तिलाही ऐकायचंय.

नळी आता तिच्याकडे गेली. इथून पुढे मी बोलत नाही.

[इंजिन सुरू. फक्त आवाज.]